मळ्यावरचा वाइनचा मग

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा मग आहे. कान वाकडा, बुडाला पोचे. दक्षिण आफ्रिकेत, केपच्या एका द्राक्षमळ्यावर माझा जन्म गेला.

हॉलंडहून जहाजाने आलेल्या गोऱ्यांनी इथे वेली लावल्या आणि राबायला गुलाम आणले. पुढे गुलामगिरी गेली, पण त्या गोऱ्यांची एक रीत मागे राहिली. मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायचा. ती रीत मी चालवली. पहाटे मुकादम मला पिंपात बुडवी आणि ओरडे, "ओढ रे, हात चालायला लागतील!" सगळी रांग माझ्यातूनच पिई. मला पाहून थकलेले चेहरे खुलत. मी फुशारून जाई.

त्या रांगेत सिना होती. तिला दिवस गेले होते. मुकादम हसला, "आज दोन घे बाई, आतल्याचा पण वाटा!" तिने घेतले.

तिचा तो मुलगा म्हणजे आब्राम. चाळिशी उलटली, तरी बुटाच्या नाड्या आईच बांधते.

नंतर कायद्याने ती रीत बंद झाली. सिनाने मला घरी आणून फळीवर ठेवलं. परवा तिची गरोदर नात जोलीन आली; आजीला ती ओमा म्हणते. सिनाने मला घासूनपुसून वाइनने भरलं.

"घे गं, रक्त वाढतं."

"नको ओमा. नर्स म्हणाली, बाळाच्या मेंदूला बाधतं."

"मोठी आली नर्सवाली! आम्ही काय पाणी पीत होतो? झालं का काही आम्हाला?"

जोलीनची नजर दाराकडे गेली. तिथे आब्राम सुटलेल्या नाड्या घेऊन उभा होता.

"आई, बांध ना."

सिनाने मला खाली ठेवलं. वाकून नाड्या बांधल्या, पण नंतर ती उठेचना.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," एवढंच म्हणाली.

तिचा काय दोष? पिंप मालकाचं, हात मुकादमाचा, पण तिच्या ओठांना लागलो तो मीच.

जोलीनने मला मोरीत रिकामं केलं, विसळलं आणि चहा भरून आब्रामला दिला. दोन्ही हातांनी धरून तो प्यायला आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला सोसवलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला खुशाल गंजू द्या. पण कुणी मायेनं भरलेला मग पुढे केला, तर ओठांना लावण्याआधी आत एकदा डोकावून बघा.