तळटीप बेचाळीस

माझी नात आचल घरी आली की आधी मोबाइल चार्जिंगला लावते, मग पाया पडते. अमरावतीला वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात पोरं-पोरीच कायद्याचं पुस्तक काढतात, मास्तर लोक हात लावत नाहीत. त्याची ती संपादक.

दिवाळीत आली तेव्हा माझं रेशन बंद होऊन पाच महिने झाले होते. यादीतून नाव कटलं, का ते कोणी सांगेना. मुलाला मी कळू दिलं नव्हतं. सुनेच्या हातचं खायला अमरावतीला जाणाऱ्यांतली मी नव्हे. आचलनं मात्र डबे उघडून पाहिले.

"आजी, अन्न घटनेतला हक्क आहे. सांग मले सारं. छापून आलं की साहेबाले हलाच लागते."

म्हणून सांगितलं. अंबाडीचा पाला नुसता मिठात उकडून खाल्ला, ते सांगितलं. पाहुणे आले म्हणून शेजारच्या तानुबाईकडून दोनदा पीठ आणलं, पाहुणे कोणी नव्हते, तेही सांगितलं. एवढं मी देवालाही सांगितलं नव्हतं.

होळीला तिचा लेख असलेलं पुस्तक आलं, इंग्रजीत. पिशवीत घालून तालुक्याला नेलं. रेशनच्या बाबूनं वाचलं.

"यात तुमचं नाव कुठी आहे? 'विदर्भातली एक वृद्धा' लिवलं. खाली बेचाळीस नंबरची टीप: मुलाखत, नाव राखून ठेवले आहे."

"मीच आहो ते!"

"कशावरून?"

मागे रांगेत आमच्या गावचा पुंजाराम उभा. काय करता? अंबाडी सांगितली. बाबू ओळीवर बोट ठेवून ताडून पाहत होता.

"अन् पिठाचं?"

तेही सांगितलं, खोट्या पाहुण्यांसकट.

"जुळते," बाबू म्हणाला. "पण पुस्तकावर नाव चढत नाई, आजी. अर्ज आणा."

पुंजाराम माझ्याआधी गावात पोचला. आता तानुबाई न मागता पीठ पाठवते. झाकून.

काल आचल आली. लेखाला बक्षीस मिळालं म्हणून पेढे घेऊन. मी ऑफिसातलं सांगितलं तर म्हणते, "तुही अब्रू राहावी म्हणून नाव नाई टाकलं, आजी. नियमच आहे. आमी सहा जणांनी महिनाभर एकेक ओळ तपासली."

"सहा जण महिनाभर बसले," मी म्हटलं, "अन् एका कागदाचा अर्ज कोणाले सुचला नाई. माही भूक जगाले दाखोली, नाव लपोलं. चोरी केली होती काय वं मी? वकील होशील तू, मोठी होशील. पण उपाशी माणसाचं ऐकाच्या लायकीची नाईस. उचल ते पेढे."