मखमलीचा पटुका

नरजंग घलेला तोलून घेतलं असतं तर तो बावन्न किलो भरला असता. पण दोहाच्या विमानतळावर माणसाला तोलत नाहीत, सामानाला तोलतात; आणि त्या सकाळी त्याचं सामान छत्तीस किलो भरलं. तिकीट होतं तिसाचं.

“सहा किलो जास्त,” काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणाला.

“होतील की कमी,” म्हणत नरजंगने दोरीने बांधलेला खोका उचलला आणि तो खांबाआड गेला.

खांबाआड आधीच चौघे होते. एक जण तिसरी पँट चढवत होता, दुसरा उशाएवढं ब्लँकेट पाठीवर बांधून वरून कोट घालत होता. काठमांडूच्या विमानाची ही जुनी वहिवाट. पेटीत मावत नाही ते अंगावर, अंगावर मावत नाही ते खिशात. नरजंगने शर्टावर शर्ट असे तीन घातले, त्यावर बापासाठी घेतलेला स्वेटर, त्यावर मेव्हण्याचं जाकीट. खिशांत बदाम, साबणाच्या वड्या, आईच्या गुडघ्यांचा बाम. मग राहिली मखमल.

मखमल लाल होती. चैतात त्याच्या लमजुंगच्या डोंगरांवर गुरांस फुलतो आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं रान पेटलंय, तशी लाल. पाच मीटर, जूनमायासाठी. ती कुठे ठेवावी याचा त्याला फार विचार करावा लागला नाही. डोंगरात भारा उचलायला निघालेला माणूस आधी कमरेला पटुका आवळतो. लांब कापड, वेढ्यावर वेढा. आजाने आवळला, बापाने आवळला. नरजंगने शर्ट वर केले, उघड्या पोटावर मखमलीचे पाच वेढे आवळले, आणि आपल्या हुशारीवर खूश होत तो काउंटरवर परत आला.

काटा तिसावर थांबला. माणसाने काट्याकडे पाहिलं, मग मघापेक्षा दुप्पट झालेल्या नरजंगकडे पाहिलं, आणि पास दिला.

जूनमाया त्याची बायको, आणि ती वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हती. मागच्या दसैंला, म्हणजे दसऱ्याला, तो तीन वर्षांनी घरी जायचा होता. तिने लाल मातीने अंगण सारवलं होतं, कोंबडा राखून ठेवला होता. ऐनवेळी कंपनीने आणखी एका वर्षाचा कागद पुढे केला आणि याने सही ठोकली. तिला सांगायची छाती होईना, म्हणून चार दिवसांनी सांगू असं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी तिला ते पाणवठ्यावर दुसऱ्या कुणाच्या बायकोकडून कळलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, “यायचं असेल तेव्हा स्वतःला घेऊन ये. सामान नको.”

त्यानंतर फोन नेहमी आईच उचलायची. सून शेतात गेलीय. सून गवताला गेलीय. एका वर्षात एवढं गवत कुठल्या म्हशीने खाल्लं असेल, हे नरजंगला कळत होतं.

आणि ‘सामान नको’ म्हणालेल्या बाईसाठी तो छत्तीस किलो घेऊन निघाला होता. त्याचं त्यालाच हसू येई. पण नुसतं स्वतःला न्यायचं म्हणजे न्यायचं तरी काय? बावन्न किलो?

विमानात त्याला मधली जागा मिळाली. खिडकीशी सेते काका. धादिंगचे तामांग, पंचवीस वर्षं परांच्या बांधलेले. कडेला इंद्रकली पुन. म्याग्दीची, अकरा वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात. नरजंग दोघांच्या मध्ये बसला म्हणजे खरं तर ठासून भरला गेला.

“दाइ, सरका की जरा,” इंद्रकली दादाला म्हणावं तसं म्हणाली.

“मी सरकलोय, बैनी. हे माझ्या मेव्हण्याचं जाकीट आहे, ते ऐकत नाही.”

“सर, बेल्ट लावा,” एअर होस्टेस येऊन म्हणाली. नरजंगने मागे वळून पाहिलं, सर कुठे दिसतो का. मग कळलं, सर आपणच. बेल्ट ओढला, श्वास आत घेतला, पुन्हा ओढला. टोकाला टोक भेटेना. शेवटी तिने जाड्या माणसांसाठी ठेवलेला जोडपट्टा आणून लावला.

“बघ गं इंद्रकली,” सेते काका म्हणाले, “चार वर्षं उन्हात राबून एवढं अंग धरलेला गडी मी पहिलाच बघतोय. कुठली मेस रे तुझी?”

“काका, हे आमचं खानदानी अंग आहे,” नरजंग म्हणाला. “घरी गेलं की खुंटीला टांगून ठेवतो.”

पुढच्या-मागच्या दोन्ही रांगा हसल्या. विमान हललं, थोडं चाललं आणि थांबलं. पुढे विमानांची रांग होती. वरून येणारा गार वारा आधी कोमट झाला, मग बंदच पडला. एकशे ऐंशी माणसं, प्रत्येकाच्या अंगावर घरातल्या प्रत्येकाचे कपडे. कुणी एक बटण काढलं, कुणी दोन. नरजंगला काहीच काढता येईना, हात हलवायलाच जागा नव्हती. घाम मानेवरून निघाला आणि वाटेत कुठे न थांबता खाली पोचला. अर्ध्या तासाने त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. मेव्हण्याचं जाकीट सुटून बाजूला झालं, आणि पाण्याचा पेला घेऊन आलेली एअर होस्टेस किंचाळली.

शर्टाच्या कडेने लाल ओघळ खाली येत होता. मांडीवर लाल, सीटवर लाल.

“रक्त! सर, तुम्हाला रक्त येतंय!” तिने लगेच भिंतीवरचा फोन उचलला. पेशंट आहे. विमान मागे न्या. उतरवावं लागेल.

उतरवावं लागेल!  काल नरजंगने जूनमायाला लिहिलं होतं, ‘उद्या चार वाजता काठमांडू.’ तिने वाचलं होतं, उत्तर नव्हतं. आज सकाळी आई म्हणाली, “सून पहाटेच्या बसने कुठेशी गेलीय.” कुठेशी म्हणजे कुठे? काठमांडूलाच निघाली असेल तर? आता हे विमान आपल्याविना गेलं, तर आपण आलो नाही हे तिला दुसऱ्यांदा कळेल, आणि दुसऱ्यांदा परक्याच्याच तोंडून.

“थांबा, बैनी!” तो ओरडला. “रक्त नाही. मखमल आहे!”

“काय आहे?”

“मखमल. पोटाला. बायकोची.”

एअर होस्टेसचा विश्वास बसेना. इंद्रकली वाकली, दोन बोटांवर ओघळ घेतला, चोळला, हुंगला. “अकरा वर्षं रक्ताच्या चादरी धुतल्यात मी,” ती म्हणाली. “हे रक्त नव्हे. कच्चा रंग आहे. कुणी गंडवलं हो दाइ तुम्हाला?”

“दाखवावं लागेल,” एअर होस्टेस म्हणाली. फोन अजून तिच्या हातातच होता.

मग नरजंग वाटेत उभा राहिला. जाकीट सेते काकांकडे, स्वेटर मागच्या रांगेत, शर्ट एकेक करून पुढे. आतून काडीसारखा माणूस निघत गेला तसतसा हशा वाढत गेला. इंद्रकलीने मखमलीचं टोक धरलं, आणि सर भोवऱ्यासारखे गरगर फिरू लागले. एक वेढा, दोन वेढे. खालून पोट निघालं ते टोमॅटोसारखं लाल. इंद्रकलीने तिथल्या तिथे गळा सोडला:

“उंच डोंगरी पाऊस पडला, ओढ्याला आलं पाणी,
सात महिन्यांचं पोट घेऊन दाइ निघाला कोणी?”

टाळ्या पडल्या. “दे जवाब! दे जवाब!” सगळीकडून ओरडा झाला. बाईने दोहोरीचं कडवं टाकलं की पुरुषाने कडव्यानेच जवाब द्यायचा. नरजंगने तोंड उघडलं आणि मिटलं. या खेळात तो असाच मुका होत आला होता. सोळा वर्षांपूर्वी जत्रेत समोर जूनमाया बसली होती, मैत्रिणीची मागून आणलेली मखमलीची चोळी घालून. तिने रात्र चढेपर्यंत कडव्यावर कडवं टाकलं, आणि हा तिसऱ्यालाच अडकला. हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या मागून जायचं, असा रिवाज. तो गेला. चोळी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला परत गेली.

एअर होस्टेस हसता हसता फोनमध्ये म्हणाली, “पेशंट बरा आहे.” विमान निघालं. नरजंगने जागेवर बसून नेहमीचा बेल्ट लावला; तो इतका सैल झाला की सेते काका म्हणाले, आता यात मीही मावेन.

काठमांडूला विमान तासभर उशिरा उतरलं. मेव्हण्याचं जाकीट सेते काकांकडून परत आलं होतं, बापाचा स्वेटर गर्दीत कुठेसा उतरून गेला होता. गाड्यावरचा खोका ढकलत नरजंग बाहेर आला तेव्हा त्याचा पांढरा शर्ट कमरेला लालभडक होता. हातातल्या पिशवीत मखमल होती, कुठे गुलाबी, कुठे पांढुरकी, जुन्या गोधडीसारखी.

जाळीपलीकडे झेंडूच्या माळा घेतलेली माणसं होती. ती नाही. ही नाही. तीही नाही. त्याने मान खाली घातली आणि गाडा पुढे ढकलला. तेवढ्यात त्याच्या उजव्या कानाशी कुणीतरी अगदी हळू, जेमतेम सुरात म्हटलं:

“नदीला आलं लाकूड वाहत, लाल तयाची साल,
माणूस मागवला होता मी, हा आला कसला माल?”

एका वर्षाने तिचा आवाज. पायात प्रवासाच्या धुळीने भरलेली चप्पल, हातात एकच माळ, आणि चेहरा असा की हसू आवरलंय की रडू, सांगता येऊ नये.

 विमानतळ, गाडा, धक्के देणारे लोक, सगळं थांबलं. आणि कसं कोण जाणे, या वेळी नरजंगला सुचलं:

“उन्हात सुकला, पाण्यात भिजला, झाले त्याचे हाल,
माल गं सगळा वाटेत विटला, उरला फक्त हमाल.”

जूनमायाने त्याच्या कमरेकडे पाहिलं, पिशवी हिसकून आत पाहिलं. “सामान नको म्हटलं होतं ना?”

“हो.”

“रंग धरला कुणी? कापडाने की तू?”

“मीच. कापडाला नको झाला.”

तेव्हा ती हसली. आणि लगेच दुसरं कडवं टाकलं, पाणवठ्याचं, त्यात दुसऱ्याच्या बायकोच्या तोंडून कळलेल्या निरोपाचा काटा होता. तो आत कुठेतरी रुतला. मग तिसरं, सारवलेल्या अंगणाचं. नरजंगने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे.

“अडकलास?”

“अडकलो.”

“तिसऱ्यालाच?”

“तिसऱ्यालाच.”

माळ तिने त्याच्या गळ्यात टाकली, विटकी मखमल स्वतःच्या कमरेला पटुक्यासारखी दोन वेढे आवळली, आणि खोक्याची दोरी पुढून धरून बसच्या दिशेने निघाली. नरजंग मुकाट्याने मागून चालू लागला.