कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल लागले तेव्हा

दोन पाती, पाच नळ्या, एक सळई, आठ भोके आणि सात स्क्रू. मित्रांनो, एवढ्या ऐवजाची मी एक जुनी बिजागरी आहे. आठवा स्क्रू न्यूझीलंडमधल्या ताइहापे गावच्या शेडमध्येच गळून पडला.

त्या शेडमध्ये मेंढ्यांची लोकर कातरत. साठ वर्षे मी तिथले दार पेलले. शेड पाडली तेव्हा हूरियाने मला दारासकट वेलिंग्टनला आणले. हूरिया सिनेमांसाठी आवाज करते. कोबी पिळून हाडे मोडते, ओले कातडे आपटून पावले वाजवते. भुताच्या एका सिनेमात तिने दार उघडले ते माझ्या आवाजात. चाचणीच्या खेळाला चाळीस प्रेक्षकांच्या मनगटांवर नाडी मोजणारे पट्टे बांधले होते. दार उघडताना नाडी सरासरी अठरा ठोक्यांनी वाढली.

यात जादू काही नाही. माझे पाते गंजावर अडकते, जोर साचतो, मग ते सुटते. ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो तो त्या अडकलेल्या अर्ध्या सेकंदात.

चार वर्षांनी सिनेमाचा दुसरा भाग आला. दिग्दर्शक गॅरेथने माझा जुनाच आवाज पुन्हा वापरला. वाढ आली सहा ठोके.

"लोक हसले गं," तो म्हणाला. "दुसरा भाग कधी खरंच भीतिदायक असतो का?"

"ओळखीच्या भुताला कोण घाबरणार? आवाज नवा घ्यायला हवा."

"पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी शेवटची चाचणी आहे. बाराच्या खाली आलं, तर दाराचा प्रसंग कापतो. आणि पुढचे सगळे आवाज कॉम्प्युटरवर."

हूरियाची बावीस वर्षांची कामगिरी आता माझ्या सात स्क्रूंवर टांगली होती. तिने माइक लावला आणि दार ओढले.

मी गप्प.

तिने माझ्यावरून बोट फिरवले. बोट काळे, चिकट झाले.

"राविरी काका!"

हूरियाचे काका महिनाभर तिच्याकडे राहायला आले होते. रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे यंत्रांना तेल पाजले होते. ते हसतच आले. "घरातल्या सगळ्या बिजागऱ्या केल्या. ही तर बिचारी रडतच होती."

"काका, रडणं हीच तिची नोकरी आहे!"

काकांचा चेहरा पडला. "मग मला आधी सांगायचं नाही होय? कुरकुर ऐकली की माझा हात थांबत नाही, पोरी."

"आता दुसरी एखादी बिजागरी आणू का?" गॅरेथने फोनवर विचारले.

"नको," काकाच ओरडले. "बिघडवली मी, बिघडवून परत देणारही मीच!"

त्यांनी मला उकळत्या सोड्याच्या पाण्यात तीनदा धुतले. मग ज्या जाळीच्या पिशवीत ते समुद्रातून कीना, म्हणजे खायचे काटेरी सागरी जीव, काढतात, तिच्यात घालून रोज सकाळी आयलंड बेच्या खाऱ्या पाण्यात बुडवले आणि दुपारी कपड्यांच्या दोरीवर वाळवले. शेजारीण म्हणाली, "राविरी, आता लोखंडं धुवायला लागलास?" काकांनी मला दोरीवर आणखी एक चिमटा लावला. मला मीठ झोंबत होते, पण हार मानायची नाही असे मीही ठरवले होते. चौथ्या दिवशी नारिंगी डाग आला. नवव्या दिवशी मी अडकले.

माझा आवाज मात्र पहिला राहिला नव्हता. तो खाली उतरला होता, आणि अडकणे अर्ध्या सेकंदाऐवजी पूर्ण सेकंद टिकत होते. हूरियाने डोळे मिटून ऐकले. "हा मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि माइक चालू केला.

मित्रांनो, काकांनी मला तेल घातले ते प्रेमानेच. पण कुणाची निगा राखायची असेल, तर आधी विचारा, तो करतो तरी काय. माझा गंज म्हणजे माझा गळा. तेवढा जपा.

शनिवारी काकाही हट्टाने चाचणीला गेले. आवाज कसा झाला हे त्यांना ठाऊक होते, कधी येणार हेही ठाऊक होते. संध्याकाळी हूरियाने निकालाचा कागद माझ्या शेजारी दारावर टाचला. त्यावर लिहिले आहे:

प्रेक्षक चाळीस. दार उघडताना नाडीची सरासरी वाढ, एकवीस ठोके. सर्वाधिक वाढ, खुर्ची क्रमांक बारा, राविरी काका: चौतीस ठोके.