माळावरची द्राक्षं

"आप्पासो, आपल्या माळावरची द्राक्षं चवीला कशी हायत?"

विचारलं! विज्ञान प्रदर्शनाची फीत कापून आप्पासो माझ्या पवनचक्कीपुढे थांबले आणि मी विचारूनच टाकलं. माझ्या वर्गातल्या सोनमनं सकाळी पैज लावली होती, "दम आसंल तर इचार." आता ती मागं ओढणी तोंडात कोंबून उभी होती.

आमच्या माळावर बाभळी आणि कुसळं सोडून काही उगवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी तिथं औद्योगिक वसाहत होणार होती. निम्म्याहून जास्त माळ आप्पासोंचा. जमीन घ्यायची वेळ आली तेव्हा सातबाऱ्यावर 'पडीक' खोडून 'बागायत, द्राक्ष' झालं. बागायत जमीन वसाहतीसाठी घेत नव्हते. साहेबांनी कागद बघितला, माळ बघितला नाही. वसाहत बारगळली.

मला वाटलं आप्पासो भडकतील. ते चक्क हसले.

"गोड हायत की! कारखानं आलं आसतं तर माझ्या खालच्या बागंत छाटणीला बाया कुठनं मिळाल्या आसत्या? कुनाची गं तू?"

"धनाजी टर्नरची. अपेक्षा."

"आरं तिच्या!" आप्पासोंनी हेडसरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग चव तुझ्या बाला इचार, पोरी. त्या बागंच्या पंचनाम्यावर पंच म्हनून त्याचीच सही हाय. लय वळणदार."

सोनमचं हसू थांबलं. माझंही. पाहुणे गेल्यावर हेडसर एवढंच म्हणाले, "उद्या माफीनामा. पालकांच्या सहीनं. त्याशिवाय वर्गात बसायचं नाही."

वसाहत येणार म्हणून पप्पांनी कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. जुना लेथ आणून गावात पत्र्याचं शेड घातलं. वसाहतीतला पहिला गाळा आपला, असं सगळ्यांना सांगायचे म्हणे. तेव्हापासून ते फवारणीच्या ब्लोअरचे बुश करतात, नांगराचे बोल्ट करतात. शेतीच्या मोटारींना थ्री फेज लाईट येते तेवढाच वेळ लेथ फिरतो. बाकीचा वेळ पप्पा त्याच्या शेजारी बसून असतात.

मी शाळेतून तडक शेडात गेले. लाईट होती.

"पप्पा, पंचनाम्यावर तुमी सही केली?"

त्यांनी हातातला बुश पुरा केला, लेथ बंद केला, व्हर्नियर लावून माप बघितलं. माप बरोबर होतं.

"केली."

"द्राक्षं बघितली हुती?"

"न्हाई."

"मंग?"

"शेडाची जागा आप्पासोंची. तलाठ्याला घिऊन दारात हुबं हुतं. म्हनलं, एका कागदानं काय हुतंय? सरकार एवढं मोठं, कुनी ना कुनी येऊन माळ बघंलच की." ते चिंधीनं हात पुसत राहिले. "कुनी आलंच न्हाई बघाय."

आई चहा घेऊन आली होती. सोनमच्या आईकडून तिला सगळं कळलेलं. "आवं, उद्या शेड काडा म्हनलं तर कुठं जायचं? लिही गं बाई चार वळी. मिटवून टाक."

पप्पांनी माझ्या दप्तरातली वही काढून पुढ्यात ठेवली. "लिही, अपेक्षा. मी सही करतो."

कागदाला डाग लागू नये म्हणून त्यांनी पुन्हा हात पुसले. मग पेनाचं टोपण काढून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे, वाट बघत बसले. मी वही मिटली.

"आई, पप्पा, माफीनामा मी लिहिणार न्हाई. वर्गाभाईर बसवलं तर बसंन. आन पप्पा, हितनं पुढं कशावर सही करायची आसंल, तर आधी आपुन दोघं जाऊन बघून यायचं."