जुन्या रंगाची जागा

चौकाच्या कोपऱ्यावर, टपाल कचेरीला खेटून, सायकली रंगवायचं एक दुकान होतं आणि ते एक बाई चालवायची. सगळे तिला रंगारीणच म्हणायचे. कुणी चुकून ‘ताई’ म्हटलं तर ती मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून. दुकान वडिलांकडून आलेलं, ब्रश त्यांचेच आणि सवयीही त्यांच्याच. त्यातली एक सवय तेवढी नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला आणि निस्तरलाही तिच्यामुळेच.

सवय अशी. सायकल घासायची, पुसायची, नवा रंग चढवायचा. पण सीटची दांडी सांगाड्यात उतरते तिथे एक कडं असतं ना, त्या कड्याखाली अंगठ्याएवढी जागा जुन्या रंगाची तशीच सोडायची. कडं आवळलं की ती कुणाला दिसत नाही. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक आज हौसेने लाल मागतं, पुढे कधीतरी त्याला आपली जुनी निळी आठवते आणि ती कुठली निळी हे काही केल्या सांगता येत नाही. तेव्हा कडं सैल करायचं आणि दाखवायचं, ही बघा तुमची निळी.

रंगारणीचा नवरा मात्र रंगाच्या वाटेला कधी गेला नाही. त्याचा धंदा वेगळा. लिलावात जुन्या सायकली घ्यायच्या, बायकोकडून रंगवून घ्यायच्या आणि विकायच्या. माणूस गोड. टपालवाला त्याच्याशी गप्पा मारत उभा राहिला की गल्लीची पत्रं दुपारपर्यंत पिशवीतच राहायची. लग्नानंतर वर्षाच्या आत त्याने तिला एक सायकल आणून दिली आणि म्हणाला, “ही विकायची नाही. हिला तुझ्या आवडीचा रंग दे.” तिने हिरवा दिला, कोवळ्या पानाचा. त्या दिवशी ती इतकी खूश होती की ब्रश धुवायचाच विसरली, आणि तो ब्रश वाया गेला याचंसुद्धा तिला काही वाटलं नाही.

हिरवीवरून ती आणि सासूबाई बाजाराला जायच्या. सासूबाई मागे कॅरिअरवर, एका अंगाला पाय सोडून, मांडीवर पिशवी. सायकलची घंटी काही वाजायची नाही. रंगारणीने ती खोलून बघितली, तेल घातलं, पण घंटी मुकी ती मुकीच. मग सासूबाईच घंटी झाल्या. “सरका, सरका, म्हातारी पडेल अंगावर,” असं त्या मागून ओरडायच्या आणि अख्खा रस्ता मोकळा व्हायचा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका सकाळी गणिताचे मास्तर दुकानात आले, पायी, घामाघूम.

“बाई, माझी सायकल गेली,” मास्तर म्हणाले. “शाळेच्या आवारातून गेली. कुणी रंगवायला आणली तर लक्ष ठेवा.”

“कुठला रंग होता?”

मास्तर ओशाळले. “रंग म्हणजे... घराच्या दाराचा थोडा उरला होता, खिडक्यांचा थोडा. दोन्ही एकत्र केले. बायको म्हणाली, शिळ्या वांग्यासारखा दिसतोय. तसला रंग दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नाही.”

शिळ्या वांग्याचा रंग रंगारणीने परवाच घासून काढला होता. घासताना ती हसलीही होती, कुठल्या शहाण्याने हा रंग लावला म्हणून. सायकल मागच्या अंगणात उभी होती, काळी कुळकुळीत.

आता खरं सांगायचं तर तिला गप्प बसता आलं असतं. ‘ठेवते लक्ष’ म्हणायचं आणि मास्तरांना वाटेला लावायचं. क्षणभर ते तिच्या मनात येऊनही गेलं. पण ती उठली, काळी सायकल पुढे घेऊन आली, पाना घेतला आणि मास्तरांच्या देखत कडं सैल केलं. आत शिळं वांगं.

मास्तर भला माणूस. त्यांनी नुसती मान खाली घातली.

नवरा जेवायला आला तेव्हा मास्तर स्टुलावर होते, सासूबाई दारात होत्या आणि दुकानात विकायला ठेवलेल्या सगळ्या सायकलींची कडी रंगारणीने सैल करून ठेवली होती.

“ही कुठल्या लिलावातली?” तिने विचारलं.

“ही? टपाल खात्याच्या.”

“परवा तर म्हणालात, कापडगिरणीच्या.”

“अगं हो, गिरणीच्याच. टपालवाली ती दुसरी.”

“आणि शाळेच्या आवारात कधीपासून लिलाव व्हायला लागले?”

त्याने मास्तरांकडे बघितलं, मग उघड्या कड्यांकडे. लाल सायकलीखाली करडा, पांढरीखाली लाल, निळीखाली पोपटी. जगातलं कुठलंही कुलूप बोटांनी बोलतं करणारा तो माणूस, पण बायको समोर बसून रंग लावायची तेव्हा तिचा हात कसा चालतो हे त्याने इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

“हे काय करून ठेवलंस?” एवढंच तो म्हणाला.

“मी?” रंगारीण म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “मी करून ठेवलं? तुम्ही चोऱ्या केल्यात आणि त्या माझ्या हातांनी झाकल्यात. रोज जेवायला बसलात माझ्यासमोर. घास कसा उतरला तुमच्या घशाखाली?”

त्याने सासूबाईंकडे बघितलं. आईकडे बघून सुटका करून घ्यायची ही त्याची लहानपणापासूनची सवय. सासूबाईंनी पायांत चपला सरकवल्या.

“मी हवालदाराला घेऊन येते,” त्या सुनेला म्हणाल्या. “तू याला बसवून ठेव. आणि जेवायला वाढ. तिथे काय मिळेल कुणास ठाऊक.”

मुलाशी मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतरही कितीतरी दिवस नाही.

तो पळाला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. जेवला, हात धुतला आणि हवालदाराबरोबर गेला.

फौजदारांना आधी रंगारणीचाच संशय. रंगवणारी तीच, मग हिला ठाऊक नसेल कसं? पण कडी बघितल्यावर त्यांनीच डोकं खाजवलं. चोरी लपवायची असती तर पुरावा कोण जपून ठेवेल? नवऱ्याला शिक्षा झाली आणि ती सुटली.

सुटली म्हणजे काय, कागदावर सुटली. गल्लीत नाही. दुकानासमोरून जाताना लोक हँडल घट्ट धरायचे. टपालवाला आपली सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवायचा, तो आता पलीकडच्या खांबाला साखळीने बांधायला लागला. ती दिवसभर ब्रश घेऊन बसायची आणि रंगवायला काही नसायचं. रडू यायचं. पण त्याहून जास्त राग यायचा, आणि राग नवऱ्याचा कमी, स्वतःच्या हातांचा जास्त. या हातांनी रंग दिला म्हणून चोरी पचली. हे हात पुन्हा स्वच्छ झाल्याशिवाय आपल्याला घास गोड लागायचा नाही, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

“आई, मी सगळ्या परत करणार,” ती सासूबाईंना म्हणाली. “गावभर विकलेल्या, सगळ्या. ज्याची त्याला, ज्याच्या त्याच्या रंगात.”

“कर की,” सासूबाई म्हणाल्या. “बसून तरी कुठे अंडी घालणार आहेस?”

मग दुकानावर पाटी लागली: ‘माझ्या नवऱ्याकडून घेतलेली सायकल असेल तर आणा. चोरीला गेलेली शोधत असाल तर या. जुना रंग सांगा.’ पहिले काही दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. मग मास्तर आपल्या सायकलवरून आले, ती पुन्हा शिळ्या वांग्याची झालेली, आणि मुद्दाम पाटीखाली लावून ठेवून शाळेत पायी गेले. संध्याकाळी नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मास्तरांचं हे गणित रंगारीण जन्मभर विसरली नाही.

हळूहळू लोक यायला लागले. कडं सैल करायचं, रंग बघायचा, मालक शोधायचा. एकदा तर विकत घेणारा आणि ज्याची चोरीला गेली तो, हे मेहुणे निघाले. एकजण वर्षभर दुसऱ्याच्याच सायकलवरून त्याच्याच घरी सांत्वनाला जात होता. दोघं दुकानात आधी भांडले आणि मग पोट धरून हसले. कुणी म्हणे जुनाच रंग द्या, कुणी म्हणे हा नवा बरा दिसतो, राहू द्या. पुढे काही नुसतेच रंगवायला यायला लागले. टपालवाल्याने साखळी सोडली.

राहिली ती हिरवी.

पोलिसांपुढे नवरा बाकी सगळ्या सायकलींबद्दल घडाघडा बोलला होता, पण हिरवीचं नाव काढलं की मिठाची गुळणी धरायचा. रंगारणीने कडं सैल करून बघितलं. खाली पिवळा, पिकल्या लिंबाचा. तो सोडलेला ठिपका तिचाच, त्या आनंदाच्या दिवशीचा. त्या दुपारी मात्र ती मनसोक्त रडली आणि सासूबाई शेजारी नुसत्या बसून राहिल्या.

हिरवीचा मालक काही येईना. मग रंगारणीने पत्र्याची एक पाटी रंगवली: ‘ही पिवळी होती. कुणाची?’ ती पाटी सासूबाईंनी पाठीला बांधून घेतली आणि दोघी बाजाराला निघाल्या. पुढे सून, मागे पाटीवाली सासू, “सरका, सरका, म्हातारी पडेल अंगावर.” गाव लोटपोट हसलं. सासूबाईंनी नाक वर करून सगळ्यांना पाठ दाखवली, म्हणजे पाटी नीट वाचता यावी.

शिक्षा संपवून नवरा परतला तो अर्धा झालेला. दारात उभा राहिला. सासूबाईंनी आत जाऊन कडी लावली. रंगारीण ब्रश पुसत बाहेर आली.

“घरात नाही,” ती म्हणाली. “राहायची सोय तुमची तुम्ही बघा. काम हवं असेल तर आहे. जुना रंग घासायचा. पण आत बसून नाही. इथे, रस्त्यावर. ज्यांच्या सायकली नेल्यात ते येता-जाता बघतील. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.”

तो बसला. लोकांनी बोलूनही घेतलं. एका म्हातारीने तर रोज येऊन बोलायचं व्रतच घेतलं. त्याचं ते गोड बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे. तो मान खाली घालून घासत राहायचा. घासायचा मात्र चांगलं, बोटांत कसब होतंच.

आणि एक दिवस बाजारात एक नर्स आडवी आली. बदली होऊन परगावी गेली होती, नुकतीच परतली होती. तिने सासूबाईंच्या पाठीवरची पाटी वाचली आणि सायकलला हात घातला.

“माझी पिवळी होती.”

“रंग तर पाटीवरच लिहिलाय,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरी काही खूण?”

नर्सने घंटीची टोपी अर्धा वेढा उलटी फिरवली आणि अंगठा दाबला. इतकी वर्षं मुकी असलेली घंटी खणखणीत वाजली. सासूबाई मुकाट्याने कॅरिअरवरून उतरल्या.

दुकानात आल्यावर रंगारणीने विचारलं, “हिरवी ठेवायची की पिवळी करून देऊ?”

“पिवळी करा ना. पहिल्या नोकरीत घेतलेली.”

रंगारणीने हिरवी नवऱ्यासमोर नेऊन ठेवली. त्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

“ही मी तुझ्यासाठी...”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून ही तुम्हीच घासायची.”

त्याने घासली. कोवळ्या पानाची पूड त्याच्या गुडघ्यांवर साचत गेली. मध्येच तो बाहीने डोळे पुसायचा आणि पुन्हा घासायचा. रंगारीण समोर बसून लिंबाचा पिवळा जुळवत होती, ठिपक्याशी लावून बघत होती. जुळला तेव्हा तिने हात धुतले आणि ते उलटेसुलटे करून बघितले. छाती हलकी झाली होती. आश्चर्य म्हणजे तिला भूकही लागली होती, कितीतरी दिवसांनी लागते तशी.

पिवळी वाळली, नर्स घेऊन गेली, कोपऱ्यावर वळताना घंटी वाजवून गेली.

“घे,” सासूबाई म्हणाल्या. “आता मी बाजाराला कशावर बसून जाऊ?”

“चालू या, आई.”

“चालू या म्हणे. गुडघे काय तुझे आहेत?”

तरी चपला घालून निघाल्या. दोघी चार पावलं गेल्या असतील, सासूबाई थांबल्या. मागे वळल्या. मुलगा पॉलिश पेपर हातात धरून तिथेच उभा होता, कपड्यांवर अजून ती हिरवी पूड. तो हवालदाराबरोबर गेला त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

“उभा काय राहिलास?” त्या म्हणाल्या. “हात धू आणि पिशवी धर.”