चाक बसवायचं होतं

भाऊजी आले तेव्हा त्यांच्याकडे एक बॅग होती आणि टॉवेलात गुंडाळलेली प्लास्टिकची एक छोटी मोटार. बॅग त्यांनी खोलीच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली, चेन लावलेली. मोटार माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "सामान हलवताना चाक निघालं. तेवढं बसवून दे, बारक्या. चाक झालं की निघतो."

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. आयुष्यभर ट्रक चालवला. आता त्यांच्या डोळ्यांतला मधला भाग गेलाय, फक्त कडेकडेचं दिसतं. त्यामुळे तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कानाकडे बघतात. तसं केलं की तुमचा चेहरा त्यांना थोडाफार दिसतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता एकट्याने राहायचं नाही. आम्ही त्यांना म्हटलं, कायमचेच या. ते म्हणाले, येतो चार दिवस.

मी त्यांच्यासाठी कपाट रिकामं केलं, हँगर धुऊन लावले. भाऊजींनी कपाटाला हातही लावला नाही. सकाळी बॅगेतून शर्ट काढायचे, चेन लावायचे. वाळलेले कपडे घडी करून पुन्हा बॅगेत. चहा हवा असला की म्हणायचे, "सवड असेल तर." सोफ्यावर बसायचे तेही डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे, कडेला. हा तोच माणूस, ज्याने आमच्या लग्नात, भर मांडवात, माझ्या नवऱ्याला "शर्ट आत खोच, गाढवा" म्हणून ओरडून सांगितलं होतं. त्यांचं हे सभ्य वागणं मला बघवत नव्हतं. मला एकच हवं होतं, ती बॅग रिकामी व्हावी.

आता यांच्याबद्दल. माझा नवरा दात करायचा. डॉक्टर फक्त माप घेतात. कवळी करणारा माणूस वेगळा असतो, मागच्या खोलीत बसतो, आणि त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. तो हा. मी त्याच लॅबमध्ये पुढच्या टेबलावर होते, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायला. निवृत्त झाल्यावर यांनी दात सोडले आणि मोटारी धरल्या. जुन्या अमेरिकन गाड्यांची प्लास्टिकची किट मिळतात: सुटे भाग, एक कागद, आणि जमलं तर मोटार. पण नवी किट जोडण्यात यांना गोडी नाही. यांना हव्या असतात दुसऱ्या कुणीतरी बिघडवलेल्या. कुणीतरी लहानपणी गोंद चोपडून जोडलेल्या, टायर वितळलेल्या, काचा धुरकटलेल्या. त्या आणायच्या, ब्रेक ऑइलमध्ये भिजत घालून रंग उतरवायचा, सांधे सोडवायचे, आणि पहिल्यापासून सगळं करायचं. जो भाग हरवलाय त्याचा दाताच्या मापाच्या रबराने साचा घेऊन नवा ओतायचा. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा भाग यांचा आहे. आम्ही उरलेल्या भागावर जेवतो, आणि मीठ घेताना आधी नीट बघून घेतो की ती पांढरी पूड मीठच आहे.

भाऊजींची मोटार म्हणजे एकोणसाठची कॅडिलॅक, टप उघडं, मागे माशासारखे दोन उंच पंख. दोघे भाऊ लहान असताना त्यांच्या मामाने दोघांत मिळून ते एक किट आणलं होतं. दोघांत मिळून म्हणजे भाऊजींनी जोडायचं आणि यांनी गोंदाच्या ट्यूबचं टोपण धरायचं. दुसरं कुठलंही काम यांना मिळालं नाही. मोटार जोडून झाल्यावर भाऊजींनी तिला खिडक्यांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला. पुढे ट्रक चालवायला लागल्यावर त्यांनी ती स्टीअरिंगपुढे चिकटवली आणि ट्रक बदलला तरी मोटार तीच राहिली.

मी ती टॉवेलातून सोडवली तेव्हा पाहिली होती. ध्यान होतं. रंगात ब्रशाचे केस अडकलेले, समोरच्या काचेवर गोंदाचे ढग, आणि डाव्या पंखाखाली, जिथे दोन भाग जुळतात तिथे, गोंदाने प्लास्टिक वितळून झालेला हरभऱ्याएवढा गोळा, त्यात अंगठा रुतल्याची खूण.

"चाक बसवायचंय," मी यांना आठवण करून दिली.

"चाक बसवायचं तर अ‍ॅक्सल बघायला हवा."

"बघा."

"अ‍ॅक्सल बघायचा तर खालचा सांगाडा काढावा लागेल. तो वरच्या बॉडीला चिकटलाय."

"भाऊजींनी चाक सांगितलंय."

"हो, चाकच करतोय," हे म्हणाले आणि माझा झाकणाचा मोठा डबा घेऊन गेले. तो डबा ब्रेक ऑइलचा झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसले, आणि तेही मुद्दाम. चाकाला जितका वेळ लागेल तितके दिवस भाऊजी राहणार होते. मनातल्या मनात मी म्हटलं, इंजिन पण उघडा.

त्यांनी इंजिन पण उघडलं. काच पॉलिश पेपरने घासली, आधी जाड, मग बारीक, मग टूथपेस्टने, आरपार दिसेपर्यंत. बंपर नव्याने चकचकीत केले. निघालेलं चाक बसवलंच, बाकीची तीन त्याच्याशी जुळवली. रंगाबद्दल बराच विचार करून हिरवाच ठेवला, पण तिच्या काळच्या गाडीचा खरा हिरवा, स्प्रेने, आरशासारखा. घरात मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. भाऊजी विचारायचे, "झालं का चाक?" हे म्हणायचे, "होतंय." आपल्या भावाशी यांचं तेवढंच बोलणं. माझा नवरा बोलत नाही, घासतो. "दादा, तू आमच्याकडे राहा" हे वाक्य त्यांनी त्या मोटारीवर कितीतरी वेळा घासलं होतं, हे मला दिसत होतं. भाऊजींना ते कसं दिसणार?

एका दुपारी चहाच्या वेळी यांनी मोटार आणून भाऊजींच्या हातात ठेवली. मग हात मागे बांधून उभे राहिले, कवळी पहिल्यांदा तोंडात बसताना उभे राहायचे तसे.

भाऊजींनी ती डाव्या तळहातावर घेतली. उजव्या हाताचा अंगठा सरळ डाव्या पंखाखाली गेला. सरकला. पुन्हा मागे आला, पुन्हा सरकला. मग त्यांनी मोटार बाजूला धरून कडेच्या नजरेने पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

यांनी मागे बांधलेले हात सोडले.

"जपून ठेव, महागाची दिसते." त्यांनी दोन्ही हातांनी ती परत केली. "माझ्या गाडीचं चाक झालं का? नसेल झालं तर राहू दे. तसाच निघतो उद्या. आणखी किती दिवस त्रास द्यायचा."

आणि ते खोलीत गेले. चेनचा आवाज आला.

हे मोटार हातात घेऊन तसेच उभे. मी म्हटलं, "सांगा जाऊन."

"काय सांगू?"

"तीच त्यांची म्हणून."

"तीच कुठे आहे?" हे म्हणाले. त्या एका वाक्यात सगळं होतं.

पण मला राग आला होता, आणि राग आला की मला जुन्या गोष्टी आठवतात. लॅबमध्ये यांचाच एक नियम होता: कवळी करण्याआधी माणसाचा जुना हसरा फोटो मागायचा. पुढचा दात वाकडा असेल तर कवळीतही तो तेवढाच वाकडा बसवायचा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने फोटो दिला नाही. म्हणाल्या, सरळ करा सगळे. यांनी केले. आठवड्याने बाई माझ्या टेबलापुढे उभ्या. दात कसे आहेत, म्हटलं, तर म्हणाल्या, "उत्तम आहेत. घरी नातू जवळ येत नाही." हे मागच्या खोलीतून उठून आले, कवळी घेतली आणि पुढचा एक दात जरासा तिरका करून दिला. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला होता. तोच माणूस आता माझ्यासमोर बावळटासारखा उभा होता.

"मुख्याध्यापिका आठवतात?" मी विचारलं.

यांनी डोळे मिटले. आठवल्या.

मग सुरू झालं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. माझा नवरा वाईट काम करायला बसला. भंगारातली एक बॉडी घेतली, पंखाखाली गोंद लावला आणि स्वतःचा अंगठा दाबला. गोळा झाला, पण देखणा. त्याच्या शेजारी दुसरा केला. तोही देखणा. कडा गोल, मधोमध खळगा, जणू कंपनीनेच तसा दिलाय. मी म्हटलं, "जरा वेंधळेपणाने करा." हे म्हणाले, "तेच करतोय." कपाळावर घाम. डावा हात वापरून पाहिला. डोळे मिटून पाहिले. सगळ्या आयुष्याची सवय आड येत होती. बॉडीवर गोंदाच्या गोळ्यांची रांग लागली, एकापेक्षा एक सुबक, आणि आतल्या खोलीत भाऊजी शांतपणे टॉवेलाची घडी करत होते.

"अंगठाच त्यांचा आहे," मी शेवटी म्हटलं. "तुम्ही कशाला धडपडताय?"

हे उठले, मोटार घेतली आणि भावाच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले; नाक खुपसायची ही वेळ नव्हती, पण मी खुपसलं.

"दादा," हे म्हणाले, "ती तुझीच होती."

"कुठली?"

"मघाची. मी रंग काढला. सगळी सोडवली. गुळगुळीत केली."

भाऊजींनी यांच्या कानाकडे पाहिलं. "आणि पंखाखालचं?"

"घासलं."

"सगळं?"

"सगळं."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"चाक."

"मग चाक करायचं होतंस ना, गाढवा!" भाऊजी ओरडले. असे ओरडले की वाटलं, ट्रकच्या काळात समोरचे नुसत्या आवाजाने बाजूला होत असतील. "सिग्नलला उभा राहिलो की अंगठा तिथे असायचा माझा. रात्री दिवे गेले तरी कळायचं, आपण आपल्या गाडीत आहोत. आता मला दिसत नाही, तर तेवढं एक होतं हाताला ओळखीचं, ते तू घासून टाकलंस? अक्कल आहे का? लहानपणी तुला हात लावू देत नव्हतो ते उगाच नाही!"

हे खाली मान घालून उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं होतं हे मी कबूल करते. पाहुणा घरधन्याला गाढव म्हणत नाही.

"ट्यूब कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

तिघे टेबलाशी आलो. भाऊजी खिडकीकडच्या खुर्चीत बसले, यांच्या खुर्चीत, आणि मागे रेलून बसले.

"रंगावर गोंद धरणार नाही," हे हळूच म्हणाले. मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि त्या आरशासारख्या हिरव्या रंगावर, डाव्या पंखाखाली, स्वतःच खरवडायला लागले. पांढरं प्लास्टिक दिसेपर्यंत खरवडलं. मला बघवेना, पण त्यांचा हात एकदाही अडला नाही.

भाऊजींनी ट्यूब हातात घेतली, फिरवून टोपण काढलं आणि न बघता बाजूला धरलं.

"टोपण धर."

यांनी टोपण धरलं.

भाऊजींनी ट्यूब पिळली. थेंब पुरला असता. त्यांनी धार सोडली. गोंद पंखाखाली गेला, पंखावरून चाकावर गेला, बोटांवर गेला. अंगठा लागला तो आधी भलतीकडे, सीटवर. मग चाचपडत जागेवर आला आणि रुतला. गोंदाचा दोरा ओढला जाऊन समोरच्या काचेवर पडला, आणि ते पुसायला त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. आरपार दिसणारी ती काच बघता बघता दुधाळ झाली.

यांनी श्वास आत घेतला.

"काय झालं?" भाऊजी म्हणाले.

"काच गेली."

"त्यातून दिसतंय का तुला काही?"

"नाही."

"मलाही नाही. चालू दे."

भाऊजींचा अंगठा पंखाखाली दाबलेलाच होता. चेहरा मात्र बदलत गेला. भुवया खाली आल्या, ओठ सैल पडले, आणि मला वाटलं, मामाने किट आणलं त्या दिवशीही हे असेच दिसत असतील.

"वाळायला किती लागेल?" त्यांनी विचारलं.

"धरायला थोडा वेळ," हे म्हणाले. "पण एवढा गोंद आतून पक्का व्हायचा म्हणजे... बरेच दिवस. प्रवासात हलली तर सुटेल."

भाऊजींनी यावर विचार केला. मग माझ्या कानाकडे पाहून म्हणाले, "अगं, माझे दोन्ही हात चिकट झालेत आणि शर्टावर सांडलंय. बॅगेतला एक काढून दे. आणि बाकीचे तेवढे कपाटात लावून टाक, सारखं वाकून वाकून कंबर गेली माझी."

मी गेले. चेन उघडली. एकेक शर्ट हँगरला लावला, अजिबात घाई न करता, आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशी.

परत आले तेव्हा भाऊजी अंगठा दाबून बसले होते आणि गोंद स्वस्तातला आहे म्हणून यांना झापत होते. हे टेबलाशेजारी टोपण धरून उभेच होते. ठेव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.