भिकाची झोप

पिंपळगाव बसवंतच्या खंडेरावांनी कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर बसवला, ते २००७ साल. खोलीचं तापमान चढलं की आपोआप घंटा वाजावी, असा प्रोग्राम ज्योत्स्नाने लिहिला. तिच्या नोकरीतलं हे पहिलंच काम. नारळ फोडून प्रोग्राम सुरू केला आणि लगेच घंटा खणखणली. शकुन चांगला झाला म्हणून सगळे खूश. पुढे रोज संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला की ती एकदा वाजे आणि राखणदार भिका तिला हात जोडी.

मार्चमध्ये एका रात्री थंड हवेचं यंत्र बंद पडलं. सकाळपर्यंत पेट्यांतली द्राक्षं मऊ पडली होती. घंटा वाजलीच नाही, असं भिका सांगत राहिला. खंडेरावांनी, तू झोपलास, म्हणून त्याला काढून टाकलं.

ज्योत्स्नाला राहवेना. तिने प्रोग्राम पुन्हा वाचला. फंक्शन म्हणजे करायच्या कामाची कृती. ती आकड्यासारखी दुसऱ्याच्या हवाली करता येते: ही जवळ ठेव, वेळ आली की वापर. त्यासाठी नुसतं नाव द्यायचं असतं. तिने नावापुढे कंस टाकले होते, आणि कंस म्हणजे ‘आत्ताच कर’. कॉम्प्युटरने घंटा तिथल्या तिथे वाजवून टाकली. तापमानावर नजर ठेवणाऱ्या भागाच्या हाती काहीच उरलं नाही. राखणदाराला काडेपेटी द्यायची सोडून आपणच काडी ओढावी आणि विझलेली काडी त्याच्या हातावर ठेवावी, तसं.

तिने हे खंडेरावांना सांगितलं.

“पोरी, त्याचं पाप तू कशाला डोक्यावर घेतेस? घंटा रोज मी माझ्या कानांनी ऐकलीय.”

“काका, ती रोज वाजायची हीच तर चूक होती.”

खंडेरावांनी नवा माणूस ठेवलाही होता.

रविवारी ती एसटीने पेठकडच्या पाड्यावर गेली. भिकाच्या बायकोने, नवसाबाईने, पाणी दिलं. काडेपेटीचं उदाहरण देऊन ज्योत्स्नाने सारं समजावलं.

“नाय ताई,” भिका म्हणाला. “आधी मीबी म्हनत व्हतो, वाजली नाय. पन समदेच म्हनत्यात. मला झोप लागलीच असंल.”

“भिकादादा, तुम्ही जागे होतात.”

“तवा तसंच वाटलं व्हतं.”

नवसाबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. घरी आल्यापासून तो अंथरुणाला पाठ टेकत नाही, म्हणाली. कुठं काही वाजेल म्हणून रात्रभर कान देऊन बसतो.